सत्काराची सव्वीस भोकं

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेत पहिलीच्या लेकरालाही ठाऊक आहे. इतकी वर्षं पीटी शिकवून माझ्याकडं शिट्टी आणि राग या दोनच गोष्टी शिल्लक राहिल्यात, असं मुख्याध्यापक म्हणतात. म्हणू देत. पण या फेब्रुवारीत आलेला राग अजून उतरलेला नाही. तो उतरावा असं मलाही वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

सुरुवात एका फोनपासून झाली. शाळेत फोन आणायला बंदी आहे. तरी मधल्या सुट्टीत नववीतली एक पोरगी बापाचा जुना फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी सवयीनं जप्त करायला हात पुढं केला, तर तिनं फोन माझ्या हातातच दिला.

"घ्या मॅडम, पण आधी बगा तरी. ह्यांच्याकडं रिंक न्हवती, तर कुटं केली बगा."

इटलीत हिवाळी ऑलिम्पिक चालू होतं. बर्फावरच्या वेगवान स्केटिंगची शर्यत दिसत होती. माणसं कमरेत वाकून, एक हात पाठीवर टाकून सपासप निघाली होती. पण पोरीचं बोट माणसांवर नव्हतं, वरच्या छतावर होतं. ही शर्यत म्हणे एका प्रदर्शनाच्या हॉलात चालली होती. मिलान शहराबाहेर जिथं एरवी यंत्रांची, फर्निचरची प्रदर्शनं भरतात, व्यापारी येतात, भाव होतात, तिथं त्यांनी बर्फ घातला आणि रिंक तयार केली. खेळ संपला की बर्फ काढायचा आणि पुन्हा बाजार भरवायचा.

सगळी स्पर्धाच निम्म्या उत्तर इटलीत पसरलेली होती. हॉकी एका शहरात, डोंगरावरून घसरायचे खेळ लांबच्या दुसऱ्याच गावांत, आणि समारोप तिसरीकडं, दोन हजार वर्षं जुन्या दगडी आखाड्यात. पोरीनं लगेच आपल्या मुलखाची वाटणी करून टाकली. "म्हंजी मॅडम, घसरायचं माहूरच्या डोंगरावर, हॉकी नांदेडला, आन् माजी शर्यत लातूरच्या आडत बाजारात."

मी हसले. फोन जप्त करायचा राहूनच गेला.

ही पोरगी कोण, ते सांगते. तिचा बाप एसटीत कंडक्टर. लातूर-नांदेड गाडीवर त्याची ड्युटी असायची, तेव्हा नांदेडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात त्याला चाकाच्या बुटांची जोडी दिसली. लेकीला दोन नंबर मोठी होती. त्यानं आणली, पुढं कापूस कोंबला आणि म्हणाला, पाय वाढतील. पाय वाढले, त्यांच्यासोबत वेगही वाढला. आता ती जिल्ह्यात पहिली येते. बर्फाशी तिची ओळख मात्र एवढीच, की मामाच्या लग्नात पाणी गार करायला आणलेल्या लादीवर ती अनवाणी उभी राहिली होती आणि आचाऱ्यानं तिला उलथनं घेऊन पळवलं होतं. "कसं वाटलं गं?" असं मी विचारलं होतं. "चटका बसला मॅडम, पर लई गुळगुळीत," ती म्हणाली.

आमच्या गावाला स्केटिंगची रिंक आहे. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर उद्या माझ्या दारात माणसं येतील. ही रिंक आहे हे गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना ती वाळवण घालायची जागा वाटते. किती अर्ज लिहिले, किती वेळा सरकारी खात्याच्या बाकावर बसून परत आले, ते मी मोजलेलं नाही. शेवटी एकदाचा कोबा झाला. निलंग्याकडचा एक म्हातारा मिस्त्री होता, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा. त्यानं तो कोबा असा घोटला, की वर तेल सांडलं असतं तर कुठल्या बाजूला वाहावं हे तेलालाही कळलं नसतं.

आणि तेव्हापासून माझं अर्धं आयुष्य तूर हाकलण्यात गेलं. आमच्याकडं स्वच्छ कोबा दिसला की माणसाचे हात शिवशिवतात. दिवाळीच्या आधी सोयाबीन, जानेवारीत तूर, मग हरभरा, उन्हाळ्यात शेवया आणि पापड. एकदा सकाळी जाऊन पाहते तर अख्खी रिंक तुरीनं पिवळी झालेली आणि एक मावशी मधोमध पाय पसरून बसलेली. मी म्हटलं, "मावशी, इथं पोरं पळतात." ती म्हणाली, "पळू द्या की माय. तूर काय चावती व्हय?" आता तिला कसं सांगावं, की चाकाखाली तुरीचा एक दाणा आला तरी पोरगं तोंडावर पडतं? मी शिट्टी वाजवली. मावशीनं कोंबड्या हाकलाव्यात तसा मलाच हात केला. शेवटी आम्ही दोघींनी मिळून तूर पोत्यात भरली, आणि जाताना तिनं मला ओंजळभर दिलीही. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? तिला जागा हवी होती, मला जागा हवी होती, आणि आमचं भांडण समोरासमोर होतं.

यंदा मात्र नवल घडलं. विभागाची निवड चाचणी आमच्या रिंकवर घ्यायचं ठरलं. आपल्या गावात, आपल्या कोब्यावर, लातूर-नांदेडसह सगळ्या जिल्ह्यांची पोरं येणार. मुलींमधून दोघींना निवडायचं आणि त्यांना उत्तरेत खऱ्या बर्फावरच्या शिबिराला पाठवायचं. माझ्या पोरीचं त्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर नाहीच. ती रोज पहाटे रिंक झाडायची, मग पळायची, मग पुन्हा झाडायची. बाप ड्युटीवर जाण्याआधी कुंपणाबाहेर उभा राहून तिच्या फेऱ्या मोजायचा, पंचानं मोजाव्यात तशा, बोटांच्या पेरांवर.

चाचणीला पाच दिवस होते तेव्हा रिंकचा ताबा असलेल्या खात्याच्या साहेबांचा मला फोन आला. आवाज मधाळ. "मॅडम, एवढी मोठी स्पर्धा आपल्या गावाला मिळाली. तुमचा सत्कार केल्याशिवाय कसं चालंल? परवा छोटेखानी कार्यक्रम ठेवलाय. रिंकवरच."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "कशाला एवढं?" म्हणजे हो म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी घरी साडीला इस्त्री करत होते. ठेवणीतली, मोरपंखी. माझं घर रिंकपासून दोन गल्ल्या अलीकडं. ठोकाठोकीचा आवाज स्पष्ट येत होता. लोखंडावर लोखंड, एक घाव, दोन घाव, मग थोडं थांबून पुन्हा. तो आवाज ऐकून माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, चला, आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी करतंय.

संध्याकाळी रिंक ओळखू येईना. मोठा मंडप, झालरी, सोफे, आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल गालिचा. मला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात इटलीचं नाव घेतलं. म्हणाले, तिकडं बर्फ आहे म्हणून काय झालं, उद्या आम्ही आमच्या गावात बर्फ आणू. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझी पोरगी शेवटच्या रांगेत बापाशेजारी बसली होती. तिला स्टेजवर बोलावलं नाही, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

सकाळी ती माझ्या दारात आली. चाकाचे बूट हातात. मी चपला घालून तिच्यामागं गेले. मंडप सुटला होता, गालिचा गुंडाळला होता, आणि त्या घोटलेल्या कोब्यात भोकं होती. अंगठ्याएवढी, काही त्याहून मोठी, कडेला कोबा उचकटलेला, भोवती भेगा. मंडपाच्या दोऱ्या ताणायला पहारी थेट रिंकमध्ये ठोकल्या होत्या. मी भोकं मोजली. सव्वीस.

स्केटिंगच्या स्पर्धेचा सत्कार करण्यासाठी स्केटिंगची रिंक फोडली. हे वाक्य मी कितीदा मनात म्हटलं असेल! तूर वाळवणारी मावशी परवडली. ती निदान तूर उचलून नेत होती. आणि भोवती चारही बाजूंनी मातीचं मैदान मोकळं पडलं होतं, तिथं हव्या तेवढ्या पहारी ठोकता आल्या असत्या! पण मातीत सोफे बुडाले असते आणि साहेबांच्या बुटांना धूळ लागली असती.

मंडपवाल्याला गाठलं. साधा माणूस, तो घाबरलाच. "मॅडम, मला काय ठावं? वारं सुटलं व्हतं. साहेब म्हणले, मजबूत करा, पाहुणे यायलेत. म्या मजबूत केलं."

मग साहेबांकडं गेले. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "दोन-चार भोकांनी काय होतंय मॅडम? सिमेंट भरून घ्या."

"सव्वीस आहेत."

"मग थोडं जास्तीचं भरा."

मी चहा न पिता उठले. आमच्याकडं चहा न पिता उठणं म्हणजे शिवी दिल्यासारखंच असतं, पण साहेबांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही. इटलीतल्या त्या लोकांनी बाजाराच्या जागेत रिंक केली होती आणि आम्ही असलेल्या रिंकचा मांडव केला. ते श्रीमंत आहेत, मान्य. पण पहार मातीत ठोकायला श्रीमंती कशाला लागते?

आम्ही तिघांनी भोकं भरली. मी, पोरगी आणि तिचा बाप. त्यानं एक दिवसाची रजा टाकली. उचकटलेले तुकडे काढले, आतली माती चमच्यानं खरवडली, सिमेंट भरलं, थापीनं सारखं केलं. पण नवं सिमेंट पाणी मागतं, दिवस मागतं. नळ तर आमच्याकडं मनात येईल तेव्हा येतो. पोरगी सकाळ-संध्याकाळ घरून कळशी आणायची आणि एकेका भोकावर लोट्यानं बेतानं पाणी घालायची, तुळशीला घालावं तसं. भरलेल्यांपैकी दहा-अकरा चांगली बसली. बाकीची वरून ठीक दिसायची, पण बोटानं दाबलं की कडा सुटायची. दोन दिवसांत कोबा होत नसतो.

चाचणीच्या आदल्या दिवशी बाहेरचे पंच येऊन रिंक पाहून गेले. मान हलवली, म्हणाले, आता जागा बदलायला वेळ नाही, पोरांना सावध करा. संपलं. मी मात्र मनातल्या मनात एक हिशोब केला होता, तो कुणाला सांगितला नव्हता. या रिंकवरचं एकेक भोक माझ्या पोरीला पाठ होतं. डोळे मिटूनही ती त्यांना चुकवून गेली असती. बाहेरून आलेल्यांना ते जमणार नव्हतं. मला वाटलं, ठीक आहे, देवानं एवढा तरी न्याय ठेवलाय.

चाचणीच्या सकाळी मी पोचले तेव्हा पोरगी रिंकवर गुडघे टेकून बसली होती. माझ्या खेळाच्या सामानाच्या कपाटातला पांढरा ऑइलपेंट आणि ब्रश तिच्याजवळ होता. रात्री किल्ली मागून नेली होती, तेव्हा मला वाटलं चेंडू हवा असेल. प्रत्येक भोकाभोवती तिनं बारीक पांढरं वर्तुळ काढलं होतं. सगळी सव्वीस. शेवटचं तेवढं ओलं होतं, त्यावर ती पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

मी म्हटलं, "हे काय केलंस?"

"चुन्याची फक्की टाकली असती, पर त्याच्यावरून चाक घसरतंय मॅडम. म्हणून पेंट."

मला काय विचारायचं होतं ते तिला कळलं नाही, किंवा कळूनही तिनं तसं दाखवलं नाही. तेवढ्यात गाड्या यायला लागल्या.

अंतिम शर्यत पाच जणींची. माझी पोरगी पहिल्या फेरीत पुढं, दुसऱ्या फेरीत दुसरी. नांदेडची एक उंच पोरगी तिच्या मागं लागली होती. शेवटच्या वळणावर ती आतून घुसली, खाली मान, सरळ त्या सगळ्यात वाईट भोकावर. तिथलं सिमेंट सकाळीच निघालं होतं. मी बघत होते. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. तिला पांढरं वर्तुळ दिसलं. ऐन वेळी तिनं पाय उचलला, भोक ओलांडलं, आणि निघून गेली. माझी पोरगी तिसरी आली. निवडायच्या दोघीच होत्या.

नांदेडची पोरगी पाणी प्यायला आली तेव्हा माझ्या पोरीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "यार, तू खुणा केल्या म्हणून वाचले, न्हाईतर दातच गेले असते." दोघी हसल्या. मला मात्र तिथं उभं राहवेना.

सगळे गेल्यावर मी तिला धरलं. बोलू नये ते बोलले. म्हटलं, मूर्ख आहेस तू. ज्यांनी भोकं पाडली ते घरी झोपलेत आणि तू त्यांची पापं निस्तरत बसलीस. दोन दिवस गप्प बसली असतीस तर आज बर्फावर गेली असतीस. बाप बाजूला उभा होता.

ती बुटाची नाडी सोडत होती. वर न बघता म्हणाली, "मॅडम, त्या आपल्या गावाला आल्त्या. आपल्या दारात पाव्हणं पडलं तर इज्जत कुणाची जाती?"

मग तिला रडू आलं. पाहुण्यांची पाळी संपली होती, आता तिची होती. बापानं बूट उचलले, आतला घाम पुसला, पिशवीत ठेवले. मी तिच्याजवळ बसून राहिले. मला माझीच लाज वाटत होती, आणि त्या लाजेनं राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. स्पर्धेचं यजमानपद खात्याला मिळालं होतं, सत्कार मला मिळाला होता, आणि यजमान म्हणून वागली होती ती एकटी चौदा वर्षांची पोरगी.

गोष्ट इथं संपली असती तरी मी ती लिहिली नसती. मनातच ठेवून कुढत बसले असते. पण आठवड्यानं एक पत्रिका आली. चाचणी यशस्वीपणे पार पाडल्याबद्दल आयोजकांचा जाहीर सत्कार. स्थळ, स्केटिंग रिंक. साहेबांचं नाव होतं, पाहुण्यांची नावं होती, माझंही होतं. पोरीचं नव्हतं. मी फोन केला, साहेबांनी उचलला नाही. पत्रिका पर्समध्ये टाकून मी थेट रिंककडं निघाले. वाटेत पोरगी भेटली, बूट खांद्याला अडकवून सरावाला निघालेली. कशाचा सराव, हे मी विचारलं नाही.

टेम्पो येऊन लागला होता. तोच मंडपवाला, खांद्यावर पहारी. मला बघून ओशाळला. मागच्या वेळचं त्याच्या मनाला लागलं असावं, कारण पहारी खाली ठेवून त्यानं अगदी समजुतीनं, चांगल्या मनानं सांगितलं,

"मॅडम, या टायमाला काळजीच करू नका. नवं एकबी भोक पाडत न्हाई. जुन्याच भोकांत ठोकतो. खुणा हायतच की."

आणि त्यानं पहिली पहार उचलून पांढऱ्या वर्तुळाच्या बरोब्बर मधोमध टेकवली. पोरीनं लोट्यानं पाणी घालून जगवलेल्या सिमेंटवर.

पोरगी माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडात शिट्टी नव्हती. मी पुढं गेले, त्याची पहार हातानं बाजूला सारली आणि साडीसकट त्या वर्तुळावर मांडी घालून बसले. कोबा उन्हानं तापलेला होता.

"मॅडम, उठा की," तो म्हणाला. "पाहुणे चार वाजता यायलेत."

पोरीनं खांद्यावरचे बूट काढून ठेवले आणि शेजारच्या वर्तुळावर ती बसली. मंडपवाल्यानं एकदा आमच्याकडं पाहिलं, एकदा मोकळ्या राहिलेल्या वर्तुळांकडं पाहिलं. वर्तुळं सव्वीस होती, आणि आम्ही दोघी.